उंबरठ्यावरचं जनावर

मगरिबनंतर आमच्या घरात सापाचे नाव घेत नाहीत. शेजारच्या मराठा घरांतही घेत नाहीत. ते 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. कुणाला चावलेच तर 'पान लागलं' म्हणतात. आमच्या दादी नुसते 'वो' म्हणायच्या आणि जमिनीवर बोटाने वळणे काढून दाखवायच्या. सिल्लोडमध्ये मोहल्ले वेगळे, बोली वेगळी, सण वेगळे. पण अंधार पडल्यावरची भीती एकच. या भीतीपायी आम्ही काय काय करत आलो आणि ते करण्याचा आम्हाला हक्क होता का, याचा विचार मात्र आमच्या घरात फार उशिरा सुरू झाला. तो मोरीत सुरू झाला.

पावसाळ्याची रात्र होती. वीज गेलेली. अब्बा इशाच्या वुजूसाठी मोरीत गेले आणि तिथूनच ओरडले. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर हातभर लांबीचे काळपट अंग, त्यावर पांढरट पट्टे. मण्यार! दुसरा विचार आला नाही. आम्ही काठी घेतली. पहिला घाव फरशीवर बसला, दुसरा कमरेत. पुढचे तीन-चार घाव कशासाठी घातले ते आजही सांगता येणार नाही, कारण दुसऱ्यातच काम झाले होते. मग कागदात गुंडाळून ते कोपऱ्यात ठेवले. दादी खाटेवरून उठल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तीन बार बोले थे क्या उसकू?"

बोललो नव्हतो.

सकाळी गल्लीतला सर्पमित्र पोरगा आला. दहावी नापास, मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्याने कागद उलगडला आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू विद्यार्थी आम्ही आणि मास्तर तो. म्हणाला, "सर, हा कवड्या आहे. बिनविषारी. पाली खातो." मण्यारीचे पट्टे मानेजवळ पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे उलटे, मानेपासून ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर षटकोनी मोठ्या खवल्यांची ओळ असते, कवड्याला ती नसते. हे त्याने काडीने दाखवत समजावून सांगितले. आम्ही बी. एड. केलेली माणसे. निरीक्षण, वर्गीकरण, अनुमान हे शब्द फळ्यावर लिहून शिकवणारी. आमच्या मोरीत पाली का कमी होत्या, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

दादींच्या प्रश्नामागे काय होते ते सांगायला हवे. खंदकाच्या लढाईच्या काळातली हकीकत हदीसमध्ये आहे. नुकतेच लग्न झालेला एक तरुण दुपारी परवानगी घेऊन घरी जातो. बायको दारात उभी दिसते, त्याला राग येतो, तो भाला उगारतो. ती म्हणते, आधी आत जाऊन बघा. आत अंथरुणावर मोठा साप वेटोळे घालून बसलेला. तो त्याला भाल्याने भोसकतो, अंगणात आणतो. साप तडफडत त्याच्यावर उलटतो, आणि दोघांपैकी आधी कोण मेले ते कुणाला कळत नाही. त्यावर पैगंबर साहेबांनी घरात दिसणाऱ्या सापांना आधी ताकीद द्यायला सांगितले. एका रिवायतीत तीन दिवस, एकीत तीन वेळा. काही आलिम म्हणतात हा हुकूम मदिनेच्या घरांपुरता, काही म्हणतात सगळ्या घरांसाठी. दादी या वादात कधी पडल्या नाहीत. घरात काही सळसळले की त्या दाराशी उभ्या राहून आपल्या दखनीत सांगायच्या, "नूह नबीकू जबान दिये थे ना तुम, सुलेमान नबीकू दिये थे ना, तो जाओ फिर, हमना मत सताओ." तीनदा. मग आम्हाला म्हणायच्या, आता काठी घ्या. बहुतेक वेळा तोवर काठीची गरज उरलेली नसायची.

कॉलेजात असताना आम्हाला हे सारे अंधश्रद्धेत जमा वाटायचे. घरातला साप जिन्न असू शकतो, म्हणून त्याच्याशी बोलायचे! आज वाटते, दादींच्या त्या तीन हाकांत एक गोष्ट होती जी आमच्या विज्ञानाच्या तासाला नव्हती. हाक मारायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात जनावराला वाट सापडते आणि माणसाला डोळे येतात.

पण एवढ्यावर प्रश्न सुटला, असे कुणी समजू नये. आमच्याच दीनमध्ये नमाज चालू असतानाही साप आणि विंचू दिसला तर मारण्याची मुभा आहे. एहराममध्ये, जिथे शिकारीला बंदी, तिथेही उंदीर, विंचू, कावळा, घार आणि चावरा कुत्रा यांना मारायला परवानगी आहे. साप सूड घेईल या भीतीने जो त्याला सोडतो त्याला चांगले म्हटलेले नाही. म्हणजे इस्लाम सापाची पूजा शिकवत नाही, आणि माणसाच्या जिवापेक्षा त्याला मोठेही मानत नाही. परवानगी आहे, हे मान्य. आमचा प्रश्न परवानगीच्या पुढचा आहे. परवानगी असलेली गोष्ट माणूस कशी करतो, केव्हा करतो, आणि करण्याआधी काय जाणून घेतो?

या बाबतीत आम्हाला मिनाच्या गुहेची हकीकत फार जवळची वाटते. पैगंबर साहेब सहाबांसोबत गुहेत आहेत, सूरह मुर्सलात नुकतीच उतरली आहे, ती ते वाचून दाखवत आहेत. एवढ्यात साप बाहेर येतो. ते मारायला सांगतात. सहाबा धावतात, पण साप निसटतो. तेव्हा पैगंबर साहेब म्हणतात ते असे, की जसे तुम्ही त्याच्या शरपासून वाचलात तसा तो तुमच्या शरपासून वाचला. अरबीत दोन्हीकडे शब्द एकच आहे, शर. उपद्रव म्हणा, वाईट म्हणा. सापाच्या दातात असते ते शर हे कुणालाही कळते. माणसाच्या काठीत असते तेही शर, निदान सापाच्या बाजूने पाहिले तर तेच, हे इतक्या सहज सांगितले गेले आहे की वाचणारा पुढे निघून जातो. आम्हीही अनेक वर्षे पुढे निघून गेलो होतो.

आता दुसरी बाजू. कवड्या मेला त्यानंतर दोन वर्षांनी, ऑगस्टमध्ये, आमच्या पाचवीतली एक मुलगी पहिल्या तासाला बाकावर डोके टेकून बसली. पोट दुखते म्हणाली. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. आम्हाला वाटले, रात्री टीव्ही पाहत जागली असेल. आम्ही तिला उभी केली आणि चार शब्द ऐकवले. ती उभी राहिली, पण डोळे उघडेनात. तेवढ्यात पाण्याची घागर घेऊन जाणारा शिपाई दारात थांबला. खेड्यातला माणूस, शेतमजुरीत आयुष्य गेलेले. त्याने तिच्या पापण्यांकडे पाहिले, तिला थुंकी गिळायला सांगितली, तिला ती गिळता येईना. तो म्हणाला, "सर, हिला पान लागलंय."

मण्यारीचा दंश असाच असतो. ती रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, कुशीवर वळताना हात-पाय लागला की चावते. दात इतके बारीक की डास चावल्यासारखे वाटते, अनेकदा जागही येत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे बोबडे होते, आणि शेवटी श्वास ओढणारे स्नायूच थकतात. ती मुलगी घरात खाली गोधडीवर झोपली होती. जीप मिळाली, गावात पहिली इंजेक्शने मिळाली, मग पासष्ट किलोमीटरवरच्या शहरात श्वासाच्या मशीनवर काही दिवस काढून ती वाचली. अल्लाहचा शुक्र. तो शिपाई त्या दिवशी रजेवर असता तर हा लेख आम्ही लिहिला नसता.

आम्हाला त्या मुलीला काही विष देता आले नसते. पण आम्ही तिला उभी करून ठेवली होती.

पुढे जे झाले तेही सांगतो. मुलीच्या घरातल्या मक्याच्या कणसांच्या ढिगात ती मण्यार सापडली. मारली. आम्ही तिथे होतो, एक शब्द बोललो नाही. आजही वाटते, बोलायला नकोच होते. ज्या घरात लहान पोरे जमिनीवर झोपतात तिथे पंधरा मिनिटांत सर्पमित्र येणार नसेल, तर बापाने काठी उचलली याला आम्ही गुन्हा म्हणणार नाही. कायदा काय म्हणतो ते ठाऊक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापाला संरक्षण दिले आहे. पण मोहल्ल्यातली पोरे तिथे थांबली नाहीत. ती ओढ्याकडे गेली. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन धामणी आणि एक पाणदिवड मारून काठीवर लटकवून आणली. तिघांपैकी एकालाही विष नाही.

एका नबींना एक मुंगी चावली, त्यांनी मुंग्यांचे अख्खे वारूळ जाळले, तेव्हा अल्लाहने त्यांना टोकले: एक चावली आणि तू तस्बीह करणारी एक उम्मत जाळलीस? ही हदीस आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. मुलांना पाठ आहे. काठीवर धामणी लटकवून आणणाऱ्यांत आमचे दोन माजी विद्यार्थी होते. कुणा एकाच्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्यांना देऊ नये, हे आम्हा लोकांना निराळे शिकवावे लागू नये. वर्तमानपत्र वाचताना आम्हाला ते बरोबर कळते.

मुलगी महिनाभराने शाळेत आली. तेच दप्तर. त्या आठवड्यात आम्ही सूरह नम्लमधली मुंगीची गोष्ट सांगत होतो. सुलैमान अलैहिस्सलाम यांचे लष्कर येते आहे, मुंगी इतर मुंग्यांना घरात शिरायला सांगते, नाहीतर ते लोक तुम्हाला चिरडतील, आणि त्यांना त्याची जाणीवही नसेल. आम्ही मुलांना म्हणालो, पाहा, मुंगी किती भली! लष्कराला दोष देत नाही, म्हणते त्यांना कळणार नाही. त्यावर ती मुलगी उठली. "सर, उसकू मालूम था क्या, मैं सोई हुई हूँ?"

कुणाबद्दल विचारते ते वर्गाला लगेच कळले. आम्ही म्हणालो, नाही, त्याला माहीत नव्हते. ते उंदराच्या मागे आले होते. ती बसली. तिचे समाधान झाले असावे. आमचे झाले नाही. मुंगीने लष्कराला दिलेली सवलत सापाला देता येते, कारण त्याला खरेच कळत नाही. आम्हाला ती कोणत्या तोंडाने मागता येईल? मण्यार आणि कवड्या यांतला फरक कळायला अर्धा तास पुरतो. पापण्यांची खूण कळायला पाच मिनिटे. न कळणे आणि कळून न घेणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी करून पहिलीची माफी मागणे, ही शिकलेल्या माणसांची सवय आहे.

आणखी एक. ते जनावर 'आमच्या' घरात शिरले असे आपण म्हणतो. आमची कॉलनी वीस वर्षांपूर्वी शेत होती. मागे ओढा. प्लॉट पडले, बांध गेले, ओढ्यात कचरा आला. सिल्लोड तालुका मक्याचा. भाव येईपर्यंत कणसे घरातच ठेवायची. मक्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप. दावतनामा आम्ही छापायचा आणि पाहुणा आला की काठी काढायची! पुन्हा यातली उलटी गंमत अशी, की वर्षाला शेकडो उंदीर फस्त करणारी धामण आम्ही आधी मारतो, ती गायीच्या पायांना वेढा घालून दूध पिते या ऐकीव गोष्टीवर. साप दूध पीत नाही. धामण गेली की उंदीर वाढतात, आणि त्यांच्यामागे नाग येतो.

उंदराचा विषय निघालाच आहे तर आमची मोठी शरम त्याच्याबद्दलच आहे. सापाला मारल्यावर निदान रात्रभर झोप लागत नाही. उंदरासाठी आम्ही बाजारातून वड्या आणतो. ते विष लगेच मारत नाही. रक्त गोठण्याची शक्ती घालवते, आणि उंदीर तीन-चार दिवसांनी आतल्या आत रक्त सांडून कपाटाखाली मरतो. चिकट पुठ्ठा तर त्याहून वाईट. त्यावर उंदीर रात्रभर ओरडतो, सकाळी आम्ही तो पुठ्ठ्यासकट उकिरड्यावर टाकतो, जिवंत. मारायचे तर चांगल्या रीतीने मारा, सुरीला धार लावा, जनावराला कमी त्रास द्या, असा स्पष्ट हुकूम आहे. तो आम्ही बकरी ईदला आठवतो, इतर दिवशी विसरतो. ज्याची भीती वाटते त्याच्याबद्दल आपण निदान विचार करतो. ज्याची नुसती किळस येते त्याला कसलाच हिशेब नसतो. आमच्या घरात चिकट पुठ्ठा बंद झाला. पिंजरा आहे. पिंजऱ्यातल्या उंदराचे काय करायचे यावर मात्र अजून घरात एकमत नाही. बेगम म्हणतात शेतात सोडा; शेतवाला म्हणतो, माझ्या शेतात का?

दरवर्षी सहलीला आम्ही मुलांना अजिंठ्याला नेतो. एकोणीस नंबरच्या लेण्याबाहेर नागराजा आणि त्याची राणी दगडात बसलेले आहेत, डोक्यावर फणे. पहिल्या लेण्यात चांपेय जातकाची चित्रे आहेत. तो नागराजा गारुड्याच्या टोपलीत सापडतो, पण चावायचे नाही असे त्याचे व्रत आहे, म्हणून विष असूनही गप्प राहतो. आमच्या मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण खरा नाग व्रत पाळत नाही, आणि देवही नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीसाठी जिवंत नाग पकडून मिरवायची मोठी परंपरा. वन्यजीव कायद्याच्या आधारे उच्च न्यायालयाने तिला लगाम घातला. काठी घेणारा आणि हळदीकुंकू वाहणारा, दोघांनीही खुद्द जनावराकडे नीट पाहिलेले नसते. शेजारच्या काकूंचा नेम आम्हाला त्यापेक्षा बरा वाटतो. पंचमीला त्या काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. एक दिवस हत्यार खाली.

नीट पाहणारेही आहेत. तामिळनाडूतले इरुळा आदिवासी पूर्वी कातड्यासाठी साप पकडायचे. १९७२ च्या कायद्यानंतर तो धंदा गेला. १९७८ साली चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आज ते साप पकडतात, त्याचे विष काढतात आणि त्याला परत सोडतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष घोड्यांना थोडे थोडे टोचून सर्पदंशावरचे औषध तयार होते. आमच्या पाचवीतल्या मुलीच्या शिरेत जे गेले ते असे बनलेले होते. मण्यारीशिवाय मण्यारीवरचा इलाज नाही.

आणि आमच्या शेजारच्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर. त्यांनी कोकणात महाडला लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून पाहिले, आणि दंश झालेल्यांतले मृत्यू झपाट्याने घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी किती विंचू मारले ते कुणी विचारत नाही. ते रोग्याच्या उशाशी बसून राहिले, विष शरीरात काय करते ते पाहत.

माणसांचा हिशेब विसरून हे लिहिलेले नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, त्यांतली निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांत. गेलेली बहुतेक खेड्यांतली. केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला तो २०२४ साली. जमिनीवर झोपणारी माणसे मोजायला देशाला इतका वेळ लागला, ही गोष्ट कुणा सापाच्या माथी मारता येत नाही. खाट, मच्छरदाणी आणि बॅटरी एवढ्यावर अनेक जीव वाचतात. आम्ही दर जूनमध्ये पालकांना बोलावून हे सांगतो, पापण्यांची खूण दाखवतो. सांगायला आता शिपाईमामाच उभे राहतात, आम्ही फळ्यावर चित्र काढतो.

दादी गेल्या त्याला काही वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात पुन्हा त्याच मोरीत काहीतरी दिसले. पट्टे होते की नव्हते, अंधारात कळले नाही. पोरांना खाटेवर चढवले, मोरीचे दार ओढून घेतले, सर्पमित्राला फोन केला. तो चाळीस मिनिटे लागतील म्हणाला. आम्ही दाराबाहेर काठी घेऊन उभे. अब्बांनी हलकेच खाकरून दादींचे शब्द म्हटले. तीनदा. आम्हाला हसू आले नाही. पोरगा आला तेव्हा मोरीत काही नव्हते. पाणी जाण्याच्या भोकाशी ओली रेघ होती.

दुसऱ्या दिवशी जाळी आणून ठेवली. बेगम म्हणाल्या, आजच बसवा. आम्ही म्हणालो, ते अजून नळीतच असेल तर? कोंडले जाईल. त्या म्हणाल्या, आणि पोरांचे काय? दोन्ही बरोबर होते. तीन रात्री मोरीच्या दाराच्या फटीत जुने टॉवेल कोंबले, पोरांना आमच्यात घेऊन झोपलो, दर तासाला कुणीतरी उठून बॅटरी मारत राहिलो. चौथ्या दिवशी गवंड्याला बोलावले.